गोत्राचं गुणसूत्र

गेल्या रविवारी सकाळी चहा घेत असताना आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक भलामोठा मजकूर येऊन पडला. वर जोडलेल्या हातांची तीन चित्रं, मग 'गोत्रामागचे विज्ञान' असा मथळा, आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा आधी शुद्धलेखनच डोळ्यांत भरलं. 'गुणसूत्र' हा शब्द नऊ वेळा आला होता आणि नऊही वेळा त्यातला 'सू' ऱ्हस्व. सवय जात नाही हो. लाल पेन हाताशी असतं तर मोबाइलच्या काचेवर गोल काढले असते.

मग मजकूर वाचला. चहा निवला तो निवलाच.

सारांश असा. पुरुषात एक्स आणि वाय अशी दोन गुणसूत्रं, स्त्रीत दोन्ही एक्स. मुलाला वाय मिळतं ते फक्त बापाकडून. म्हणजे बाप, आजा, पणजा असं करत वायची साखळी थेट मूळ ऋषीपर्यंत जाते, आणि गोत्र म्हणजे हेच वाय. मुलीत वाय नाही म्हणून तिला स्वतःचं गोत्र नाही, म्हणून तिचं कन्यादान. एकाच गोत्रात लग्न केलं तर वाय दुबळं होतं, संतती विकृत निपजते, सबब आपल्या पूर्वजांनी सगोत्र विवाह वर्ज्य केला. मध्येच सात जन्मांचंही गणित होतं. पिढीगणिक निम्मं निम्मं होत सातव्या पिढीत एक टक्कासुद्धा उरत नाही, म्हणून म्हणे 'सात जन्म'.

असले मजकूर रोज येतात आणि मी रोज पुसतो. हाही पुसला असता. पण तो पाठवणारे आमचे थोरले बंधू, वय ८२, आणि दादांनी तो उगाच पाठवला नव्हता. त्यांच्या नातीने, म्हणजे माझ्याही नातीनेच, लग्न ठरवलंय. मुलगा तिच्याबरोबर पुण्यात नोकरीला, घर नागपूरचं. शिकलेला, निर्व्यसनी, वडीलधाऱ्यांशी नीट बोलणारा. बैठकीत गोत्र निघालं आणि दोन्हीकडचं काश्यप निघालं. दादांनी सुपारीचा डबा मिटला आणि आत निघून गेले. तेव्हापासून त्या घरात जेवायला वाढलंय एवढं सांगण्यापुरतंच बोलणं चालू आहे. आता या मजकुराने दादांच्या हातात 'विज्ञान' दिलंय. पोरगी रात्री साडेदहाला मला फोन करून विचारते, "आबा, खरंच आमच्या मुलांना काही होईल का?" तिने इंजिनिअरिंग केलंय. तरी विचारते, कारण मजकुरात गुणसूत्र हा शब्द आहे. नुसतं 'शास्त्रात नाही' म्हटलं असतं तर ती हसली असती.

म्हणून हे लिहायला बसलो. दादा, तुमचा मान राखूनच लिहितोय, पण लिहितोय.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तरचा इथे काय संबंध? माझं बी.ए. मराठी आणि इतिहासाचं, मान्य. पण १९७९ साली आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर बदलून गेले, नवीन कोणी येईना, आणि दहावीचं जीवशास्त्र माझ्या गळ्यात पडलं. रात्री स्वतः शिकायचं आणि सकाळी शिकवायचं. गुणसूत्र या शब्दावरच मी पहिल्यांदा अडखळलो. मूळ परभाषेतल्या शब्दाचा अर्थ आहे 'रंगीत देह'. वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८८८ मध्ये घडवला, कारण पेशीला रंग दिला की हे धागे रंग पिऊन उठून दिसतात. गुजराथीत 'रंगसूत्र' म्हणतात. आपण 'गुणसूत्र' केलं. शब्द देखणा आहे, पण निम्मा घोटाळा त्यानेच केलाय असं माझं मत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, या दोऱ्यात बापजाद्यांचं शील आणि पुण्याई ओवून ठेवलेली आहे. दोऱ्यात असते ती चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली कामाची टिपणं. कोणतं प्रथिन कसं आणि कधी बनवायचं, एवढंच. त्यात ऋषीचं तप कुठे लिहिलेलं नसतं.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून, रंग देऊन ठेवलं की विभागणाऱ्या पेशीतले हे धागे दिसत. मुलं रांग लावून बघायची. कांद्यात १६. माणसात ४६, म्हणजे २३ जोड्या. आणि हा आकडाही १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी नीट मोजून सांगितला, तोवर तीसेक वर्षं जग ४८ धरून चाललं होतं. ज्वारीत २०, बटाट्यात ४८, भेकराच्या मादीत ६ आणि नरात ७. आकड्यावरून मोठेपण ठरवायचं तर पंगतीत बटाटा आपल्या वर बसेल. असो.

वाय शोधणाऱ्यांत एक शिक्षिका होती, हे मला फार उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं. नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेत शाळा शिकवून झाल्यावर १८९६ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ती विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून गेली. १९०५ मध्ये तिने पिठात पडणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासल्या. मादीत वीसच्या वीस गुणसूत्रं मोठी, नरात एकोणीस मोठी आणि एक चिमुकलं. चिमुकलं ज्या शुक्राणूत गेलं त्यातून नर, मोठं गेलं त्यातून मादी. त्याच वर्षी विल्सन या शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे तेच सांगितलं. म्हणजे वाय जगाला प्रथम दिसलं ते 'छोटं' म्हणून!

आता मजकुरात खरं काय आहे ते आधी मान्य करतो. वाय बापाकडूनच मुलाला मिळतं, खरं आहे. बाकीच्या गुणसूत्रांच्या जोड्या शुक्राणू किंवा अंडं तयार होताना आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. वायला पूर्ण जोडीदार नाही, त्यामुळे टोकाचा थोडासा भाग सोडला तर ते जसंच्या तसं खाली उतरतं. शास्त्रज्ञ त्यावरून पुरुषांच्या पितृपरंपरेचा मागही काढतात. इथवर ठीक. नंतर जो उडीचा घोडा सुटतो, तो कुठल्या कुठे जातो.

साधी गोष्ट बघा. सगोत्र लग्नाने वाय दुबळं होतं म्हणे. अहो, पण नवरीत वाय आहेच कुठे? मजकुराच्या पहिल्याच परिच्छेदात तुम्हीच सांगितलंत की नाही. मुलगा झाला तर त्याला वाय नवऱ्याकडूनच मिळणार, मग नवरी काश्यप असो, भारद्वाज असो, नाहीतर टोकियोची असो. ती त्या वायला ना बळ देऊ शकते, ना ते काढून घेऊ शकते. गोत्र म्हणजे वाय, हे धरलं तर सगोत्र लग्न वर्ज्य करायला कारणच राहत नाही. पहिला परिच्छेद तिसऱ्या परिच्छेदाचा गळा दाबतोय आणि हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही दिसलं नाही. दहावीच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला पेपर परत देऊन 'पुन्हा वाच' म्हटलं असतं.

वाय दुबळं आहे हेही अर्धंच खरं. फार पूर्वी एक्स आणि वाय ही साधी जोडीच होती, आणि कोट्यवधी वर्षांत वायने आपली बहुतेक जनुकं गमावली. पण उरलेली ते चांगली सांभाळतं. कसं, ते २००३ मध्ये कळलं आणि भाषेच्या मास्तरला उड्या मारायला लावेल असं आहे. 'चिमा काय कामाची' किंवा 'रामाला भाला मारा' ही उलटसुलट सारखीच वाचली जाणारी वाक्यं आपण मुलांना शिकवतो ना, तशी प्रचंड लांबीची आठ 'वाक्यं' वायवर आहेत. एका अर्ध्यात चूक झाली की दुसऱ्या अर्ध्यावरून ती दुरुस्त करून घेता येते. जोडीदार नाही म्हणून गड्याने स्वतःचंच प्रतिबिंब जोडीला घेतलंय. पुढे २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडाचं वाय आणि आपलं वाय शेजारी ठेवून पाहिलं. दोघांचे वंश सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. एवढ्या काळात आपल्या वायने जुन्या जनुकांपैकी एक गमावलं आणि माकडाने एकही नाही. माकडं गोत्र पाळत नाहीत, दादा.

सात पिढ्यांचं गणितही त्यांचंच वापरतो. सातव्या पिढीत आपले पूर्वज १२८, म्हणजे एकेकाचा वाटा सरासरी पाऊण टक्का. बरोबर. दहाव्या पिढीत १०२४. त्यांतल्या काहींचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो, कारण गुणसूत्रांचे तेवढे तुकडे होतच नाहीत. तिसाव्या पिढीत, म्हणजे अंदाजे ज्ञानेश्वरांच्या काळात, आकडा जातो १०७ कोटींवर. तेव्हा अख्ख्या जगात ५० कोटीसुद्धा माणसं नव्हती! याचा अर्थ तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा आपली पूर्वज आहेत, आणि तुमचे माझे वंशवृक्ष खाली मुळांत एकमेकांत गुंतलेले आहेत. काश्यप ऋषी हे त्या असंख्य चौकटींतल्या एका चौकटीतलं नाव. नागपूरच्या मुलाचा आणि आमच्या नातीचा त्या चौकटीतून संबंध किती, हे तुमच्याच निम्म्या-निम्म्याच्या हिशेबाने काढा. शून्यानंतर दशांश चिन्ह देऊन इतकी शून्यं लिहावी लागतील की वही पुरायची नाही.

आणि मंडळी, गोत्र ही काय वस्तू आहे हे ज्यांनी गोत्र केलं त्यांनाच विचारा की. दत्तक मुलगा दत्तक बापाच्या गोत्रात जातो. त्याचं वाय जन्मदात्याचंच राहतं, होमाच्या धुराने बदलत नाही. क्षत्रिय-वैश्यांनी पुरोहिताचं गोत्रप्रवर घ्यावं असं सूत्रकारच सांगतात. पुरोहिताचं वाय त्यांच्यात कुठून आलं म्हणायचं? लग्न झालं की मुलगी नवऱ्याच्या गोत्राची होते. सप्तपदीच्या सात पावलांत तिच्या पेशींत काय फरक पडला? आणि ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्याने काय सांगायचं? काश्यप! भटजीबुवा स्वतः म्हणतात, "माहीत नसेल तर काश्यप म्हणा." आमचं काश्यप कुठल्या पिढीत असं 'म्हणून टाकलेलं' नसेल याची खात्री दादा तरी देतील का? गोत्र ही माणसांनी समाजव्यवहारासाठी आखलेली वाट आहे. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांच्या किती तऱ्हा मांडल्या आहेत, प्रांतागणिक लग्नाचे नियम बदलतात. संध्येत कोणी गोत्राचा उच्चार श्रद्धेने केला तर माझी काही हरकत नाही, मीही करतो. पण त्याला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवू नका. शोभत नाही, आणि गोत्राचाही अपमान होतो.

आता जरा घरचंच बोलतो, नातेवाईक रागावतील तर रागावोत. आमच्या आजोबांची बायको कोण होती? त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडे हे अगदी कौतुकाने होत असे, मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून शास्त्राला बाध नाही. आता गुणसूत्रांचा हिशेब मांडा. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के जनुकवाटा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो. घरात कुठे दडलेला दोष असला तर तो दोघांकडून एकदम येऊन बाळात उघडा पडण्याची शक्यता इथे खरोखर वाढते. म्हणजे ज्या लग्नाला विज्ञान 'जपून' म्हणतं त्याला आपण पेढे वाटले, आणि ज्याला विज्ञानाची काडीमात्र हरकत नाही तिथे सुपारीचा डबा मिटला. कायदासुद्धा तेच सांगतो. सगोत्र विवाह १९४६ सालच्या कायद्यानेच वैध ठरलाय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांतलं सपिंड नातं तेवढं वर्ज्य आहे, आणि तिथे रूढीची सवलत मागावी लागते ती मामाच्या मुलीला. गोत्राचा तिथे प्रश्नच येत नाही.

इथपर्यंत लिहून सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हे सगळं तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?"

तेव्हा म्हणजे १९७९. ज्या वर्षी मी दहावीला हा धडा शिकवला त्याच वर्षी आमची धाकटी जन्मली. दुसरी मुलगी. आई दवाखान्यातून परत आली आणि ओसरीवर बसून शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुडाला वंश." पुढे कित्येक वर्षं सणावाराला, नैवेद्य दाखवताना, कुणाच्या मुलाच्या मुंजीला तेच. बाळंतिणीला तिने कधी टाकून बोललं असं नाही, पण जेव्हा बोलायची तेव्हा बघायची तिच्याकडे. मी त्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर खडूने चौकट काढून चाळीस पोरांना शिकवलं होतं की मुलगा की मुलगी हे ठरतं ते बापाच्या शुक्राणूवरून, आईकडे द्यायला एक्सशिवाय काही नसतंच. चौकटीत एक्स-एक्स, एक्स-वाय लिहून 'यावर हमखास प्रश्न येतो' असंही सांगितलं होतं. घरी येऊन चप्पल काढली, हातपाय धुतले आणि आईसमोर एक शब्द बोललो नाही. मास्तरकी शाळेच्या फाटकाशी ठेवून आलो होतो.

आज बोलतो. आई नाही, तरी बोलतो.

माझ्या मुलींना माझ्याकडून काय मिळालं? बावीस साधी गुणसूत्रं आणि माझं एक्स. मुलगे झाले असते तर त्यांना काय मिळालं असतं? बावीस साधी आणि माझं वाय. फरक तेवढाच. आता माप घ्या. वायची सबंध अक्षरं २०२३ मध्ये मोजून पूर्ण झाली, ती भरली सव्वासहा कोटींच्या घरात. एक्सची आहेत पंधरा कोटींवर. वायवर प्रथिनं सांगणारी जनुकं शंभराच्या आसपास, एक्सवर आठशेहून जास्त. वंश म्हणजे मी माझ्या शरीरातलं काही पुढे देणं असेल, तर मुलांपेक्षा मुलींना मी जास्त दिलं. वजन करून दिलं असतं तर तागडी मुलींकडेच झुकली असती. शिवाय माझ्याकडे एक्स एकच, त्याला तुकडे बदलायला जोडीदार नाही. त्यामुळे टोकांचा किरकोळ भाग सोडला तर ते माझ्या दोन्ही मुलींना सबंधच्या सबंध मिळालं.

आणि ते एक्स माझ्याकडे आलं कुठून? बापाकडून मला वाय मिळालं. एक्स दिलं ते आईने. म्हणजे ओसरीवर बसून वंश बुडाला म्हणणाऱ्या माझ्या आईने मला दिलेलं ते सबंध एक्स तिच्या त्या दोन नातींत जसंच्या तसं उतरलं होतं. दोन नातू झाले असते तर त्या एक्सचा एक धागाही त्यांना मिळाला नसता. तिचं ते एक्स माझ्यानंतर पुढे गेलं ते त्या दोन पोरींमुळेच, आणि ती त्यांच्याच पाळण्याकडे पाठ करून बसली होती. १९७९ साली मला हे सांगता आलं असतं. चौकट फळ्यावर होतीच, फक्त एक पिढी मागे जाऊन काढायची होती. मी काढली नाही. सौभाग्यवतींना काल ती वहीच्या कागदावर काढून दाखवली. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "सासूबाईंचंच निघालं की हो." मग कोथिंबीर निवडायला घेतली.

वायची पूजा ओसरीवरच्या बोलण्यापाशी थांबत नाही, म्हणून मला या मजकुराचा राग येतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यानंतर २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. एका चिमुकल्या गुणसूत्रासाठी केवढा हा हिशेब! आणि ग्रुपवर आलेला मजकूर त्याच गुणसूत्राला ऋषीची गादी देतो आणि मुलीला 'गोत्र नाही' म्हणून मोकळं करतो.

त्यातही गंमत अशी की हे वाय पुरुषाला तरी जन्मभर पुरतं का? वय वाढलं की रक्तातल्या काही पेशी विभागताना ते गाळून टाकतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक पुरुषांची तपासणी करून २०१९ मध्ये असं दिसलं की सत्तरीच्या आसपास दहापैकी चार पुरुषांच्या रक्तात अशा वाय गळालेल्या पेशी लक्षात येण्याइतक्या असतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. मी सत्तरी ओलांडलेली, दादांनी ऐंशी. आमच्या रक्तात काश्यप गोत्र आता किती टक्के उरलं असेल, देव जाणे. संकल्प सोडताना 'अंशतः काश्यपगोत्रोत्पन्न' म्हणावं की काय!

सृष्टीत तरी सगळीकडे बापाचीच सत्ता आहे म्हणाल, तर तसंही नाही. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना मी हे सांगायचो तेव्हा ती खूश व्हायची. कोंबड्यांत उलटा कारभार. वेगळ्या जोडीची गुणसूत्रं कोंबडीत, कोंबड्यात दोन्ही सारखी, म्हणजे पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं. मधमाशीचा नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्याला बापच नसतो; आईचा बाप मात्र असतो. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, त्यांत तर असं गुणसूत्रच नाही. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. त्यांचं गोत्र वाळू ठरवते म्हणायचं.

बरं, मग नातीच्या प्रश्नाचं काय? 'आमच्या मुलांना काही होईल का' हा प्रश्न चुकीचा नाही, विचारायचा पत्ता चुकला. तो वायला विचारायचा नसतो. थॅलॅसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार ज्या जनुकातल्या दोषाने होतात ते असतं अकराव्या जोडीवर. त्याला ना स्त्रीपुरुष कळतं, ना गोत्र. एका बाजूने दोष आला तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही तसे निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची. सगोत्र नसलेल्या, छत्तीस गुण जुळलेल्या जोडप्याचंही हे होऊ शकतं. विदर्भात सिकलसेल आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बैठकीत दीड तास गोत्र, प्रवर, कुलदैवत, मानपान सगळं निघालं. रक्ततपासणीचा शब्द एकाही वडीलधाऱ्याने काढला नाही. मीही त्यांतच बसलो होतो, पोहे खात.

तपासणी त्या दोघांनी आपली आपणच करून घेतली. फोनवर तिने मला दोन्ही अहवालांतले आकडे वाचून दाखवले आणि मी ते वहीत उतरून घेतले. डॉक्टरांनी दोघांनाही दोष नसल्याचं सांगितलंय. अहवाल दादांना दाखव म्हटलं तर म्हणाली, "ते बघतच नाहीत, आबा. गोत्राचं बोल म्हणतात."

दादांना मोबाइलवर लांबलचक वाचवत नाही, गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हा लेख कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून घेणार आहे. मामाच्या मुलीचा परिच्छेद ठेवावा की गाळावा यावर घरात दोन मतं आहेत. सौभाग्यवती म्हणतात ठेवा. रविवारी सकाळच्या एसटीने जाईन म्हणतो, अहवालांच्या झेरॉक्स घेऊन.